फुकटचं वायफाय आणि उघडा राहिलेला फोल्डर

पत्र

ताई, मी बी.कॉम. करून सोलापुरात एका कर सल्लागारांकडे तीन वर्षं काम करते. आमच्या बहुतेक पार्ट्या टॉवेल-चादरीच्या कारखानदार. सध्या दर गुरुवारी पुण्याच्या एका पार्टीकडे जावं लागतं, म्हणून सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाते. गाडी यायच्या आधी स्टेशनवर आणि दुपारी पुण्यात एखाद्या कॅफेत बसून लॅपटॉपवर काम उरकते, वायफाय तिथलंच लावते. जीएसटी रिटर्नच्या 11 आणि 20 तारखेच्या आसपास तर दुसरा इलाजच नसतो. लॅपटॉपवर टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा आहे, सगळ्या पार्ट्यांच्या युजर आयडी-पासवर्डची एक एक्सेल आहे. ऑफिसातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरूनही टॅली उघडावं म्हणून फोल्डर शेअर केलेला आहे. परवा मैत्रीण म्हणाली, पब्लिक वायफायवर सगळं चोरीला जातं, एखादं फुकटचं व्हीपीएन, म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून बंदिस्त वाटेने नेणारं अॅप, टाकून घे. टाकू का? आणि आजवर वापरलं त्याचं काय? सरांना सांगायची भीती वाटते.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू विचारलंस व्हीपीएनबद्दल. पण मी अडखळले ती तू जाता जाता लिहिलेल्या वाक्यावर, ‘फोल्डर शेअर केलेला आहे’ इथे. म्हणून आधी त्याचंच बोलते, वायफायकडे मग येते.

काही दिवसांपूर्वी मी सात रस्त्याच्या बाजूला एका उपाहारगृहात कुणाची तरी वाट बघत बसले होते. तिथलं वायफाय लावलं, पासवर्ड बिलावरच छापलेला होता. लॅपटॉपवर फाइल शोधताना डावीकडच्या ‘नेटवर्क’वर बोट पडलं आणि तीन अनोळखी कॉम्प्युटरांची नावं समोर आली. त्यातलं एक ‘अकाउंट्स-2’. मी ते उघडलं. पासवर्ड विचारला नाही, काही नाही, सरळ फोल्डरांची रांग. पगारपत्रक. पीएफ. आधार स्कॅन. त्यापुढे गेले नाही, पण त्या तीन नावांनीच पोटात गोळा आला. कारण ‘आधार स्कॅन’ म्हणजे कुठल्या तरी कारखान्यात मागावर उभ्या असलेल्या माणसांचे कागद. त्यांना वायफाय म्हणजे काय हे माहीत असो-नसो, त्यांचं बँक खातं आणि आधार त्या टेबलावर चहाच्या कपाशेजारी उघडं पडलं होतं. दोन टेबलं सोडून बसलेल्या मुलाचा लॅपटॉप होता तो. मी उठून त्याला सांगितलं. बिचारा पांढराफटक पडला. ऑफिसात प्रिंटर चालत नव्हता म्हणून कुणीतरी वर्षांपूर्वी ‘सेटिंग’ करून दिलं होतं, एवढंच त्याला आठवत होतं.

हे ‘सेटिंग’ म्हणजे काय ते तुला कळायला हवं, कारण तुझ्या लॅपटॉपवरही ते असण्याची शक्यता दाट आहे. विंडोज प्रत्येक नेटवर्कला दोनपैकी एका खात्यात टाकतं, पब्लिक नाहीतर प्रायव्हेट. पब्लिक म्हटलं की लॅपटॉप इतरांना दिसत नाही आणि शेअर केलेले फोल्डर बाहेरून उघडत नाहीत. प्रायव्हेट म्हटलं की भोवतालची सगळी घरचीच माणसं असं तो धरून चालतो. नव्या वायफायला विंडोज 11 आपणहून पब्लिकच धरतं. म्हणजे तू कशालाच हात लावला नसशील तर स्टेशनवर तुझा फोल्डर कुणाला दिसलाही नसेल. पण आपल्याकडे होतं कसं? ‘दुसऱ्या कॉम्प्युटरवर टॅली दिसेना’ म्हणून हार्डवेअरवाल्याला बोलावतात. तो घाईत असतो. तो फायरवॉलच, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी भिंतच, बंद करतो, शेअरिंगचा पासवर्ड काढून टाकतो, फोल्डरला ‘एव्हरीवन’ला परवानगी देतो, आणि टॅली चालू लागतं. सगळे खूश. ते दार मग कायमचं सताड उघडं राहतं. लॅपटॉप ऑफिसातून स्टेशनवर गेला की दारही त्याच्याबरोबर जातं.

तेव्हा आज रात्री घरी बसून हे बघ. फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन लगेच पुढे इंग्रजीत ‘लोकलहोस्ट’ टाइप कर आणि एंटर दाब. तुझ्या लॅपटॉपवरून जे जे शेअर होतंय ते समोर येईल. मग ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’मध्ये जा. तिथली प्रत्येक ओळ चालू दिसली पाहिजे. ‘पब्लिक नेटवर्क’ उघडलंस की बाहेरून येणारी सगळी जोडणी अडवायची एक चौकट आहे, तिच्यावर खूण कर. तुझ्या ब्राउझरला याने काही फरक पडत नाही, कारण ब्राउझर स्वतः बाहेर जाऊन माहिती आणतो. अडतो तो फक्त न बोलावता आत येणारा. शेवटी सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या भागात ‘अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’ शोध. पब्लिकखालचं सगळं बंद, आणि ‘ऑल नेटवर्क्स’खालचं ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ चालू.

हे केलंस की ऑफिसातला दुसरा कॉम्प्युटर कुरकुर करेल, पासवर्ड मागेल. त्यावर तात्पुरता उपाय म्हणजे लॅपटॉपवर शेअरिंगपुरतं वेगळं युजर खातं काढून त्याचा पासवर्ड तिकडे एकदा घालून ठेवायचा. पण माझं स्पष्ट मत विचारशील तर टॅलीचा मूळ डेटा तुझ्या लॅपटॉपवर असूच नये. तो ऑफिसात, जागचा न हलणाऱ्या मशीनवर राहू दे. तू लॅपटॉपवरून तो उघडायचास. गुरुवारी पुण्याला निघताना फक्त पुण्याच्या पार्टीचा बॅकअप बरोबर ने. सोलापूरच्या सगळ्या पार्ट्यांचा हिशोब पुण्याच्या कॅफेत कशाला हवा? टॅलीत ‘टॅलीव्हॉल्ट’ आहे, कंपनीच्या डेटाला कुलूप घालायचं, तेही लाव. मात्र त्याचा पासवर्ड विसरलीस तर डेटा कुणालाच परत काढता येत नाही. तो कागदावर लिहून सरांच्या कपाटात राहू दे.

आता वायफाय. मैत्रीण म्हणते ‘सगळं चोरीला जातं’. ते एके काळी खरं होतं. 2010 साली ‘फायरशीप’ नावाचं एक छोटं साधन आलं, फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचं. उघड्या वायफायवर बसलेल्या कुणाचंही फेसबुक खातं त्यातून दोन क्लिकमध्ये ताब्यात घेता यायचं. पासवर्डसुद्धा लागत नसे. ते करणाऱ्याने ते चोरीसाठी केलं नव्हतं. मोठमोठ्या वेबसाइटा किती निष्काळजी आहेत हे त्याला चारचौघांत दाखवायचं होतं. त्यानंतर चित्र बदललं. फेसबुकने सगळ्यांसाठी एचटीटीपीएस चालू केलं, बँकांनी आणि सरकारी पोर्टलांनी केलं, आणि 2018 पासून क्रोम ब्राउझर साध्या एचटीटीपी साइटला सरळ ‘सुरक्षित नाही’ म्हणू लागला.

एचटीटीपीएस म्हणजे काय हे तुला तुझ्याच भाषेत सांगते. आपल्याकडून टॉवेलची गाठ ट्रान्सपोर्टला जाते तेव्हा ती शिवलेली असते. वर पत्ता दिसतो, वजन कळतं, पण आत कुठला माल ते शिवण उसवल्याशिवाय दिसत नाही. तसंच इथे. तू जीएसटीचं पोर्टल उघडलंस हे वायफाय चालवणाऱ्याला कळू शकतं. तिथे काय भरलंस, पासवर्ड काय टाकलास हे कळत नाही. म्हणून स्टेशनवर बसून भरलेलं रिटर्न कुणी हवेतल्या हवेत वाचलं असेल ही धास्ती मनातून काढून टाक.

मग धोका कुठे उरला? शिवण तुझ्याच हातून उसवून घेण्यात. आजचा चोर तेच करतो.

त्याची पहिली तऱ्हा नावाची. हॉटस्पॉटला नाव काहीही देता येतं, कुणी अडवत नाही. तुझा मोबाइल घे, हॉटस्पॉटला तू नेहमी जातेस त्या कॅफेच्या वायफायचं नाव दे. शेजारी बसलेल्याला ते नाव त्या कॅफेचंच दिसेल. उघड्या, पासवर्ड नसलेल्या नेटवर्कचं तर आणखी वाईट. तुझ्या लॅपटॉपने ते नाव एकदा लक्षात ठेवलं असेल आणि आपोआप जोडण्याची खूण असेल, तर त्याच नावाचं खोटं नेटवर्क दिसताच तो तुला न विचारता जाऊन चिकटतो. लॅपटॉपला माणसाचा चेहरा ओळखता येत नाही, नाव तेवढं ऐकू येतं. ऑस्ट्रेलियात 2024 साली पोलिसांनी एका माणसावर याच कारणाने गुन्हा दाखल केला. विमानतळांवर आणि चक्क चालू विमानात त्याने खऱ्या वायफायच्या नावाची खोटी नेटवर्कं उभी केल्याचा आरोप होता. जोडलेल्या माणसासमोर एक पान यायचं, ‘ईमेलने किंवा सोशल मीडियाच्या खात्याने लॉगिन करा’. लोक करायचे. तिथे कुठलंही एचटीटीपीएस कामाला येत नाही, कारण पासवर्ड तू स्वतः त्याच्या हातात ठेवलेला असतोस.

हे पान नीट ओळखायला शीक. रेल्वेच्या वायफायला, आपल्या स्टेशनवर काय किंवा पुण्यात काय, मोबाइल नंबर मागतात आणि ओटीपी येतो. तेवढं ठीक. पण वायफायच्या पानाने जीमेलचा पासवर्ड मागितला, आधार मागितलं, ‘हे अॅप आधी टाका’, ‘हे सर्टिफिकेट बसवा’, ‘तुमचा ब्राउझर जुना झालाय, अपडेट करा’ असं काही म्हटलं, की त्याच क्षणी वायफाय बंद. अपडेट घरच्या नेटवर करायचे. सर्टिफिकेट तर कुणाच्याही सांगण्यावरून बसवायचं नाही. ते बसवणं म्हणजे गाठ उसवून परत शिवायची सुई-दोरा परक्याला देणं.

आणि ब्राउझरने कधी लाल अक्षरांत किंवा मोठ्या पानावर बजावलं, ‘तुमचं कनेक्शन खासगी नाही’, तर ‘तरीही पुढे जा’ दाबायचं नाही. 20 तारखेची रात्र असली तरी नाही, पार्टी फोनवर ओरडत असली तरी नाही. कधी कधी वायफायचं लॉगिन अर्धवट राहिल्यानेही तो इशारा येतो. तेव्हा लॉगिन पूर्ण करून पुन्हा बघायचं. तरी गेला नाही तर ते नेटवर्क तुझ्या कामाचं नाही. मला विचारशील तर बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं एक ठेव. लेट फी भरता येते.

कॅफेत पासवर्ड असतो म्हणून ते सुरक्षित, असंही धरू नकोस. बिलावर छापलेला पासवर्ड तिथे बसलेल्या सगळ्यांकडे असतो. वायफायला कुलूप घालायच्या, आजही सर्रास चालणाऱ्या जुन्या डब्ल्यूपीए-2 पद्धतीत, तो माहीत असलेल्या आणि तू जोडली जात असताना ऐकत बसलेल्या जाणकाराला तुझी वाहतूक उलगडता येते. एचटीटीपीएसची शिवण त्यातही टिकते, पण साध्या एचटीटीपीवर चालणारं काही असेल तर ते उघडं पडतं. नव्या डब्ल्यूपीए-3 मध्ये ही उणीव भरून काढली आहे. कॅफेचा राउटर कुठला हे आपण विचारत बसणार नाही, तेव्हा त्याच्यावर भिस्त नको.

या सगळ्यावरचा माझा उपाय साधा आहे, आणि तो तुझ्या पर्समध्येच आहे. मोबाइलचा हॉटस्पॉट वापर. रिटर्न भरायला डेटा फार थोडा लागतो, तुझ्या रोजच्या पॅकमधला कोपराही संपणार नाही. डेटा खातात ते मागून चालणारे विंडोजचे अपडेट आणि वनड्राइव्हचं सिंक. म्हणून वायफायच्या यादीत तुझ्या हॉटस्पॉटवर जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू कर, अपडेट बहुतेक थांबतात. वनड्राइव्ह हाताने थांबवून ठेव. त्याहून चांगलं म्हणजे मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग. लॅपटॉप आणि मोबाइलच्या मध्ये हवेत काही जातच नाही, मोबाइलही चार्ज होत राहतो. गाडीत रेंज येते-जाते हे मला माहीत आहे. कुर्डुवाडीच्या पुढे ती गेली तर तेवढा वेळ एक्सेलमध्ये जुळवणी कर, दौंड आलं की अपलोड कर. बँकेचं आणि पार्ट्यांच्या पोर्टलांचं काम हॉटस्पॉटवरच. बातम्या वाचायला, नकाशा बघायला स्टेशनचं वायफाय वापरलंस तर माझं काही म्हणणं नाही. फक्त उठताना यादीत जाऊन ते ‘फरगेट’ कर, आणि ‘आपोआप जोडा’ ही खूण कधीच ठेवू नकोस. आत्तापर्यंत साठलेली जुनी नावंही एकदा बसून पुसून टाक. यादी बघून तुझं तुलाच नवल वाटेल.

फुकटचं व्हीपीएन टाकू नकोस. व्हीपीएन विश्वास नाहीसा करत नाही, तो दुसऱ्याकडे हलवतो. आधी तुझी गाठ कॅफेच्या वायफायवाल्यासमोरून जात होती, आता ती व्हीपीएनवाल्यासमोरून जाणार. तो कोण, कुठल्या देशात बसलाय, फुकट देऊन त्याचं पोट कशावर चालतं, हे तुला कळायला मार्ग नाही. पैसे घेऊन नीट सेवा देणाऱ्या कंपन्या आहेत. एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवण्याचा आदेश काढल्यावर त्यातल्या काहींनी भारतातले सर्व्हर हलवले. परदेशी पत्त्यावरून आपली काही सरकारी पोर्टलं उघडतच नाहीत, तो ताप वेगळा. आणि मुख्य म्हणजे, उघडा फोल्डर, खोटं लॉगिनचं पान, खांद्यावरून डोकावणारा माणूस, यातलं काहीही व्हीपीएन अडवत नाही. तुझ्या कामाला हॉटस्पॉट पुरतो.

आता त्या एक्सेलकडे येऊ. फाइलचं नाव ‘पासवर्ड’ आहे ना? बहुतेक ऑफिसांत तेच असतं. ती आजच्या आज कुलूपबंद कर: फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, एन्क्रिप्ट विथ पासवर्ड. लांब पासवर्ड दे, चार-पाच असंबद्ध मराठी शब्द जोडलेला, तुला आठवेल आणि दुसऱ्याला सुचणार नाही असा. महिनाभरात मात्र कीपास किंवा बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड मॅनेजरवर ये. त्याचा एक फायदा कुणी फारसा सांगत नाही. त्यात साइटचा पत्ता नोंदवलेला असला की ब्राउझरमध्ये तो खरा पत्ता ओळखूनच पासवर्ड पुढे करतो. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर तो गप्प बसतो. तुझा डोळा फसला तरी तो फसत नाही. ई-वे बिलाच्या पोर्टलवर 2025 मध्ये ओटीपीची दुसरी पायरी सगळ्यांना सक्तीची झाली, तशी ती ईमेललाही लावून घे. ईमेलला आधी, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड बदलायची वाट तिथूनच जाते.

डीएससीचे, म्हणजे पार्ट्यांच्या डिजिटल सहीचे, टोकन बॅगेत घेऊन फिरतेस का, ते पत्रात नाही. फिरत असशील तर ज्याचं काम त्या दिवशी आहे तेवढंच ने, आणि सही झाली की लगेच काढ. टोकनच्या टोपणावर पिन लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली आहे. ती सही कारखानदाराची आहे, आपल्याकडे विश्वासाने ठेवायला दिलेली.

लॅपटॉप हरवण्याचंही बघायला हवं, गाडीत ते जास्त होतं. डिस्कवरचा सगळा डेटा कुलूपबंद करणारं ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ चालू आहे का बघ, आणि त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घरी ठेव. जागेवरून उठताना विंडोज आणि एल ही बटणं एकत्र दाब, स्क्रीनला कुलूप लागतं. अजून विंडोज 10 असेल तर त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, हे सरांच्या कानावर घाल.

तुझा शेवटचा प्रश्न, आजवर वापरलं त्याचं काय. आधी वर सांगितलं तसं फायरवॉल आणि शेअरिंग कसं होतं ते बघ, आणि बदलायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेव. फायरवॉल चालू आणि स्टेशनचं नेटवर्क पब्लिक असेल, कुठल्या भलत्या पानावर पासवर्ड टाकल्याचं आठवत नसेल, तर काही गेलेलं नाही असं समजायला हरकत नाही. फायरवॉल बंद सापडली तर ती एक्सेल कुणीतरी बघितली असं धरून चाल. घरच्या नेटवरून आधी ईमेलचा पासवर्ड, मग बँक, मग पार्ट्यांची पोर्टलं. प्रत्येक पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल त्या पार्टीचाच आहे ना ते तपास, कारण खातं पळवणारा आधी तेच बदलतो. कुणाच्या खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर विचार करत बसू नकोस, लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन. जितक्या लवकर कळेल तितके पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

आणि सरांना सांगायचंच. अगं, फोल्डर एकट्या तुझ्यासाठी शेअर झाला नव्हता, ऑफिसच्या सोयीसाठी झाला होता. हार्डवेअरवाल्याला त्यांनीच बोलावलं असणार. ‘माझी चूक झाली’ असं सुरू करू नकोस. काढलेला फोटो दाखव, ‘सर, आपल्या टॅलीच्या शेअरिंगला पासवर्ड नाही, मी पुण्याला जाते तेव्हा तो बाहेर दिसू शकतो, पासवर्ड बदलायला मला एक दिवस द्या’ असं म्हण. सगळ्या पार्ट्यांचे पासवर्ड बदलायचे तर त्यांच्या मोबाइलवर ओटीपी जाणार. त्यांना फोन सरांनी केलेला बरा, नाहीतर कारखानदार तुझ्यावरच संशय घेतील. 11 किंवा 20 तारीख अंगावर आलेली असताना हे काढू नकोस, मधला एखादा निवांत दिवस बघ. पण पुढच्या गुरुवारी हुतात्मा पकडायच्या आधी.